ध्रुवावरच्या वाऱ्यातली भरती-ओहोटी कशी वेगळी काढावी
स्वालबार्ड या उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवरच्या उल्का-रडारची (जळत्या उल्कांच्या मागे उरणाऱ्या, वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या रेषांवरून वारा मोजणारं यंत्र) तासागणिक वाऱ्याची नोंद हाती आली की मी आधी 90 किलोमीटर उंचीवरचा थर घेते. उल्का तिथेच भरपूर सापडतात. मोजक्याच उल्का असलेले तास गाळा. मग चार-चार दिवसांचा तुकडा पुढे सरकवत सरासरी वारा आणि 24, 12, 8 तासांच्या लाटा (हीच वाऱ्यातली भरती-ओहोटी) नोंदीवर एकत्रच बसवा. इथे बहुधा 12 तासांची लाट जोरकस असते. तुकडा महिन्याचा केलात तर दिवसागणिक होणारा चढउतार पुसला जाईल, आणि मला तर तोच हवा असतो!

फसगत होते ती चंद्रामुळे. त्याची लाट 12.42 तासांची, सूर्याच्या लाटेपासून ती सुटी करायला सुमारे 15 दिवसांची नोंद लागते. म्हणून जानेवारी 2009 सारखं स्थितांबर (साधारण 10 ते 50 किलोमीटर उंचीवरचा हवेचा थर) अचानक तापलं, तर चार दिवसांच्या तुकड्यात 12 तासांच्या लाटेत दिसलेली वाढ लगेच सूर्याच्या नावावर मांडू नका; ती चंद्राचीही असू शकते.