स्कीइंगच्या उताराखालच्या शहराची सावरण्याची क्षमता कशी तपासावी

स्की पर्यटनाचे पर्यावरणीय परिणाम अभ्यासायला निघालेले बहुतेक जण थेट बर्फाच्या उतारावर जातात. सुरुवात मात्र त्याखालच्या वस्तीपासून करावी. उत्तराखंडातील औली आणि तिच्या पायथ्याचे जोशीमठ ही जोडी यासाठी उत्तम उदाहरण आहे.

प्रथम जमिनीविषयीचे जुने अहवाल मिळवावेत. जोशीमठ जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले असून तेथे मोठी बांधकामे, सुरुंग आणि वृक्षतोड टाळावी, असे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. त्यानंतर दिलेल्या बांधकाम परवानग्या या सूचनांशी ताडून पाहाव्यात.

सर्वाधिक वेळ पाण्याला द्यावा. १ हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर कृत्रिम बर्फ अंथरायला साधारण १० लाख लिटर पाणी लागते. औलीत त्यासाठी कृत्रिम तलाव आहे. तेव्हा तो कोणत्या झऱ्यावर भरतो आणि बर्फ वितळल्यावर पाणी कोणत्या नाल्याने उतरते, हे नकाशावर आखावे. हॉटेलांचे सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल, तर ते राडारोड्यात मुरते आणि बारीक माती घेऊन बाहेर पडते. म्हणून कोरड्या दिवशी झरे पाहावेत: पाऊस नसताना गढूळ पाणी आले, तर आतून माती वाहते आहे असा संशय घ्यावा. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला जोशीमठच्या मारवाडी भागात असेच गढूळ पाणी जमिनीतून फुटले होते.

यानंतर जमीन खचण्याच्या कारणांची वाटणी करावी, आणि हेच काम सर्वांत किचकट आहे. त्याच सुमारास उपग्रहाने जोशीमठची जमीन १२ दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याची नोंद केली, पण खचण्याचे माप म्हणजे त्याचे कारण नव्हे. जलविद्युत बोगदा, रस्ता रुंदीकरण आणि यात्रेकरूंची गर्दी यांचाही विचार व्हायला हवा, सगळे खापर स्कीइंगवर फोडणे सोपे असले तरी. हे यात्रेकरू ज्या बद्रीनाथाला जातात, त्या मंदिराचे दरवाजे हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे त्या महिन्यांतील पाणीवापर, कचरा आणि वाहने उन्हाळ्याशी ताडल्यास औलीच्या वाट्याचा ढोबळ अंदाज येतो.

शेवटी भिंतींच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने बसवून त्यांवर तारीख लिहावी आणि स्कीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर त्या तपासाव्यात. फुटलेली पट्टी म्हणजे भेग अजून हलते आहे.