पेटी उघडताच आधी हुंगा
साठवलेल्या सफरचंदांची पेटी उघडली की हात घालण्याआधी नाक पुढे करा. पहिल्या दोन-तीन श्वासांतच काय ते कळतं, नंतर नाक सरावतं. गोडसर वास हा एस्टरचा, म्हणजे फळांना सुवास देणाऱ्या रसायनांचा. पिकणं नीट चाललंय. पण नेलपॉलिश किंवा दारूसारखा दर्प आला, तर ऑक्सिजन कमी पडून फळं आतून आंबू लागली असावीत. तो इथाइल अ‍ॅसिटेट आणि इथेनॉलचा वास, आणि साल तेव्हा अगदी टवटवीतही दिसू शकते! थंडीत वास दबतो, म्हणून दोन-तीन फळं झाकणाच्या बरणीत घालून तासभर बाहेर ठेवा, मग झाकण काढा. कुबट वास आला तर पेटीचा तळ तपासा. फळं पिकवणारा इथिलीन वायू मात्र एवढ्याशा प्रमाणात नाकाला कळत नाही, त्याला सेन्सरच लागतो.