जुनी विनोदी कॉमिक्स जमवताय? मुखपृष्ठाचा चित्रकार ओळखताना या चुका टाळा

फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर घेतलेलं माझं पहिलं 'डेनिस द मेनेस' अजून कपाटात आहे. मुखपृष्ठावर हँक केचम यांचं नाव ठसठशीत छापलेलं. घरी आल्या आल्या मी वहीत लिहिलं, 'मुखपृष्ठ : हँक केचम'. ही नोंद कित्येक वर्षं तशीच राहिली. मग एका रविवारी केचम यांच्या वर्तमानपत्रातल्या चित्रांचा संग्रह शेजारी ठेवून पाहत बसलो, आणि हात वेगळा आहे हे दिसलं. केचम यांची रेघ मोकळी, झटक्यात ओढलेली. माझ्या अंकावर मात्र घराच्या कौलापासून कुंपणाच्या फळीपर्यंत सगळं मोजूनमापून काढलेलं होतं. तो हात अल वाइजमन यांचा होता.

केचम यांनी डेनिसला जन्म दिला, १२ मार्च १९५१ पासून तो वर्तमानपत्रांत झळकू लागला. पण १९५३ मध्ये सुरू झालेल्या कॉमिकच्या पुस्तकांचं काम त्यांनी इतरांवर सोपवलं होतं. गोष्टी फ्रेड टूल लिहीत, चित्रं मुख्यतः वाइजमन काढत. १९५८ चा हवाई बेटांवरचा जाडजूड विशेषांक याच जोडीचा. नाव मात्र केचम यांचं. आपल्याकडच्या फिरत्या वाचनालयांतून डेनिस, रिची रिच आणि आर्ची वाचत मोठ्या झालेल्या पिढीला वाइजमन हे नाव माहीतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

मुखपृष्ठावरचं नाव हे मालकाचं असतं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वॉल्ट डिस्ने यांची ती वळणदार सही घ्या. डोनाल्ड डकच्या कॉमिकवर ती असते, पण डिस्ने यांनी ती मुखपृष्ठं काढलेली नाहीत. 'मार्जेस लिटल लुलू' हे नावच बघा. मार्ज म्हणजे मार्जोरी हेंडरसन ब्यूएल. त्यांनी १९३५ मध्ये एका साप्ताहिकासाठी लुलू निर्माण केली. १९४५ पासूनच्या कॉमिकमधली लुलू मात्र जॉन स्टॅन्ली यांच्या डोक्यातून आली आणि अर्विंग ट्रिप यांच्या शाईतून कागदावर उतरली. स्टॅन्ली गोष्ट लिहिताना नुसते शब्द लिहीत नसत, चौकटींची कच्ची चित्रंही काढून देत. मग 'चित्रकार कोण' याचं उत्तर एका नावात कसं मावणार?

मुखपृष्ठाचंही तेच. कल्पना एकाची, पेन्सिलीचं रेखाटन दुसऱ्याचं, त्यावर गिरवलेली शाई तिसऱ्याची, रंग चौथ्याचे. वहीत एकच रकाना ठेवलात तर चूक तिथेच सुरू होते. मी आता निदान दोन रकाने ठेवतो, पेन्सिल आणि शाई.

आतली गोष्ट ज्याची, मुखपृष्ठही त्याचंच असं नाही

कार्ल बार्क्स यांच्या चाहत्यांची ही हमखास चूक. 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज' या मासिकात एप्रिल १९४३ पासून बार्क्स यांच्या डोनाल्डच्या दहा-दहा पानी गोष्टी येऊ लागल्या. त्यांचं नाव कुठेच छापलं जात नसे. मुलं त्यांना नुसतं 'तो चांगला बदकवाला चित्रकार' म्हणून ओळखत. चाहत्यांची पत्रं त्यांच्या हाती पडू लागली ती थेट १९६० च्या सुमाराला, म्हणजे जवळजवळ दोन दशकं काम केल्यानंतर.

आता नाव कळलं म्हटल्यावर संग्राहक उत्साहाने १९४० च्या दशकातल्या या मासिकाची सगळीच मुखपृष्ठं बार्क्स यांच्या खात्यावर जमा करतात. त्यातली बरीचशी वॉल्ट केली यांची आहेत, पुढे 'पोगो' ही चित्रमालिका काढून नावारूपाला आलेले तेच केली. एकदा फरक दिसला की चुकणं अवघड. केली यांच्या बदकांचे गाल गुबगुबीत, कुंचल्याची रेघ जाड-बारीक होत वळणारी, सगळं कसं बाळसेदार. बार्क्स यांची रेघ त्यामानाने आवरलेली, आणि चोच काढताना त्या बदकाच्या मनात काय चाललंय ते आधी दिसतं.

घराणं ओळखता येणं म्हणजे गवई ओळखणं नव्हे

आर्चीची मुखपृष्ठं म्हणजे खरी परीक्षा. आर्ची पहिल्यांदा 'पेप कॉमिक्स' च्या २२ व्या अंकात, डिसेंबर १९४१ मध्ये आला. चित्रकार बॉब मोंटाना. म्हणून जुनं दिसलं की लोक मोंटाना लिहून मोकळे होतात आणि त्यानंतरचं सगळं डॅन डिकार्लो. मधली माणसं कुठे गेली?

डिकार्लो १९५० च्या दशकात आर्चीकडे आले आणि त्यांची बेटी-वेरॉनिका इतकी लोकप्रिय झाली की पुढे तीच प्रकाशनाची घरची शैली ठरली. इतर चित्रकार त्याच वळणाने काढू लागले. स्टॅन गोल्डबर्ग त्यातलेच. त्यामुळे १९७० नंतरचं सही नसलेलं मुखपृष्ठ 'डिकार्लोसारखं' दिसतं, यावरून घराणं कळतं, गवई नाही. त्यात शाई कधी रूडी लॅपिक यांची, कधी भाऊ विन्स डिकार्लो यांची. पेन्सिल तीच असली तरी शाईवाल्याच्या हाताने चेहरा बदलतो.

मला स्वतःला हॅरी ल्यूसी सगळ्यांत जवळचे वाटतात. त्यांचा आर्ची अख्ख्या अंगाने बोलतो. चिडला तर खांदे, कोपर, बुटांची टोकंसुद्धा चिडलेली. चेहरा हाताने झाकून नुसतं शरीर पाहा, भावना कळली तर ल्यूसी असण्याची शक्यता बरीच. सॅम श्वार्ट्झ यांचा जगहेड, म्हणजे आर्चीचा मित्र, याच्या उलट : सडपातळ, सुस्त, निवांत, आणि गंमत मागे पार्श्वभूमीत कुठेतरी दडवलेली. ती शोधायची सवय लागली की श्वार्ट्झ लांबूनही ओळखू येतात.

हार्वी प्रकाशनाचं कोडं याहून बिकट. कॅस्पर, रिची रिच आणि छोटा सैतान हॉट स्टफ यांची मुखपृष्ठं बिनसहीची. त्यांतली फार मोठी संख्या वॉरन क्रेमर यांची, हे आता मान्य आहे. पण 'फार मोठी संख्या' म्हणजे सगळी नव्हेत. एर्नी कोलोन यांनीही तिथे भरपूर काम केलं.

अडकलात तर एक उपाय मला नेहमी उपयोगी पडला आहे. त्या चित्रकाराचं नाव छापलेलं काम दुसरीकडे कुठे आहे का ते शोधा. क्रेमर यांनी १९८५ च्या सुमाराला मार्व्हलच्या मुलांसाठीच्या 'स्टार' मालिकेत 'रॉयल रॉय' आणि 'टॉप डॉग' काढलं, तिथे श्रेयनामावली छापलेली आहे. डिकार्लो यांनी आर्चीआधी आणि सोबतीनेही 'मिली द मॉडेल' वर्षानुवर्षं काढलं. हे नमुने शेजारी ठेवा आणि चेहऱ्याकडे बघूच नका. चेहरा हा नकलेचा पहिला विषय असतो, तो प्रत्येकजण जपून काढतो. कान, बुटांचे तळवे, कपड्याची कोपराजवळची चुणी, झाडाची पानं, गवताचे फटकारे, हे चित्रकार विचार न करता काढतो. तिथे त्याचा हात उघडा पडतो.

मोबाइलवरच्या छोट्या चित्रावरून हे होत नाही. अंक हातात घेऊन, तिरप्या उजेडात, भिंगातून बघावा लागतो. सहीसुद्धा कधी गवतात, कधी भिंतीच्या भेगेत दडलेली असते, आणि कडेला असेल तर छापखान्यात कापलीही जाते.

'मॅड' : सही असूनही होणाऱ्या चुका

'मॅड' या अमेरिकी विनोदी नियतकालिकाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणूनच इथे चुका ठाम आवाजात होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५२ चा पहिला अंक ते २३ वा अंक, हे दहा सेंटचं रंगीत कॉमिक. संपादक हार्वी कर्ट्झमन, पहिलं मुखपृष्ठही त्यांचंच. दुसरं जॅक डेव्हिस यांचं. अकराव्यावर 'लाइफ' साप्ताहिकाची नक्कल करत बेझिल वुल्व्हरटन यांनी जी 'सुंदरी' काढली, ती एकदा पाहिली की विसरता येत नाही. २४ व्या अंकापासून, म्हणजे जुलै १९५५ पासून, ते पंचवीस सेंटचं मॅगझिन झालं.

'आल्फ्रेड ई. न्यूमन पहिल्यांदा ३० व्या अंकावर' असं विक्रेते सर्रास सांगतात. न्यूमन म्हणजे 'मॅड' च्या मुखपृष्ठांवरचा ओळखीचा पोरगा. त्याचा दातपडका चेहरा बारीक आकारात त्याआधीच, २१ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर आलेला आहे. डिसेंबर १९५६ च्या ३० व्या अंकावर आलं ते नॉर्मन मिंगो यांनी रंगवलेलं त्याचं मोठं व्यक्तिचित्र. आज आपल्या डोळ्यांसमोर जो न्यूमन उभा राहतो, तो हाच. पण म्हणून न्यूमनचं प्रत्येक रंगवलेलं मुखपृष्ठ मिंगो यांचं नाही. मधली काही वर्षं, १९६२ पर्यंत, फ्रँक केली फ्रीस यांनी ते काम केलं. विज्ञानकथांच्या मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारे हे चित्रकार. त्यांच्या न्यूमनच्या डोळ्यांत जरा जास्त खट्याळपणा आहे, असं मला वाटतं.

जॅक डेव्हिस दिसले की 'मॅड' च, ही आणखी एक समजूत. लांबलचक पाय, भलेमोठे बूट आणि माणसांची तोबा गर्दी घेऊन डेव्हिस 'हंबग' आणि 'क्रॅक्ड' या दुसऱ्या विनोदी नियतकालिकांतही गेले. 'क्रॅक्ड' १९५८ चं. त्याचा खांब म्हणजे जॉन सेव्हरिन.

अंक कधीचा, हे आधी ठरवा

चित्रकार ओळखायच्या आधी अंकाचा काळ नक्की करा, निम्मी नावं आपोआप गळतात. कव्हरवरच्या महिन्यावर विसंबू नका. तो महिना विक्रेत्याने अंक मांडणीवरून काढण्यासाठी असे, अंक त्याआधी दोन-तीन महिने बाजारात आलेला असे. पहिल्या पानाच्या किंवा कव्हरच्या आतल्या बाजूच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचा मजकूर असतो, खरी माहिती तिथे.

किंमतही बोलते. १९६१ संपेपर्यंत बहुतेक अंक दहा सेंट, मग बारा. डेल प्रकाशनाने मात्र १९६१ मध्येच पंधरा सेंट केले होते. कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीचा शिक्का १९५५ पासून दिसू लागतो, म्हणून दहा सेंटचा, शिक्का नसलेला आर्ची त्याआधीचा असणार. हाच नियम डेलच्या अंकाला लावलात तर फसाल. डेलने तो शिक्का कधीच घेतला नाही.

अंकांच्या क्रमांकांनी तर भल्याभल्यांना घोळात घेतलंय. 'अंकल स्क्रूज' चा पहिला अंक शोधत माझे एक स्नेही तीन वर्षं हिंडत होते. १ क्रमांकाचा अंक मिळणार कसा? डेल तेव्हा निरनिराळ्या पात्रांचे अंक 'फोर कलर' या एकाच मालिकेत एकामागून एक क्रमांक देऊन काढत असे. स्क्रूजचे पहिले तीन अंक म्हणजे त्या मालिकेतले ३८६, ४५६ आणि ४९५. त्यानंतर स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं ते थेट ४ क्रमांकापासून. १९६२ मध्ये डेल आणि छपाई करणारी वेस्टर्न कंपनी वेगळ्या झाल्या आणि हीच पात्रं 'गोल्ड की' च्या नावाने येऊ लागली. चित्रकार तेच राहिले, शिवाय जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. मुखपृष्ठ नवं आणि आतला मजकूर वीस वर्षं जुना, असे अंक पुष्कळ आहेत.

पुनर्मुद्रणातही हेच. 'मॅड' ने १९७० च्या दशकात विशेषांकांसोबत जुन्या कॉमिकच्या पुरवण्या दिल्या, आणि २००० मध्ये डीसी या प्रकाशनाने पहिला अंक पुन्हा छापला. मला एकदा अशीच एक सुटी पुरवणी 'पहिली आवृत्ती' म्हणून विकण्यात आली होती. कागदाला हात लावला असता तर कळलं असतं. जुना वर्तमानपत्री कागद कडांकडून आत तपकिरी होत जातो आणि त्याला एक आंबूस वास असतो. पैसे देताना मी पुरवणी प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढली नव्हती.

जपताना होणारं नुकसान

फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कागदात मुरतो आणि तो डाग पुन्हा जात नाही. फिक्या पडलेल्या रंगावर स्केचपेन फिरवू नका, तो 'दुरुस्त केलेला' अंक ठरतो आणि चित्रकाराची रेघ कायमची झाकली जाते. बाजारातल्या साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी पॉलिएस्टरच्या घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पिना गंजतात, बुरशी धरते, कसर लागते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. वाचनालयाचा शिक्का असलेला अंक मात्र मी कधी नाकारत नाही. तो अंक कुणाकुणाच्या घरी जाऊन आला, ते त्यावर लिहिलेलं असतं.

आणि वहीत काय लिहायचं

इंटरनेटवरची श्रेयं एकमेकांवरून उतरवलेली असतात. 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' या स्वयंसेवकांच्या सूचीत नावापुढे प्रश्नचिन्ह दिसलं तर ते प्रश्नचिन्हासकट उतरवून घ्या. मी प्रत्येक नावापुढे कारणही लिहितो : 'सही आहे', 'छापील श्रेय', 'बुटांवरून', 'इतरांचं मत'. आणि पेननं नव्हे, पेन्सिलीनं. त्या पहिल्या डेनिससमोरचं केचम हे नाव मी खोडलं नाही. त्याच्या खाली वाइजमन लिहिलं, आणि पुढे कारण : 'कौलं, कुंपण'. हार्वीचे माझ्याकडे एकोणीस अंक आहेत. त्यातल्या सहांसमोर अजून प्रश्नचिन्ह आहे, त्यातल्या एका हॉट स्टफच्या शेपटीवरून मला क्रेमर वाटतात, पण ढग त्यांचे वाटत नाहीत.