मुलांच्या शेजारी बसून लिहिलेले परीक्षण

कुटुंबासाठी काढलेल्या संगीतप्रधान ॲनिमेशनपटाचे परीक्षण लिहिणे सोपे असते, अशा समजुतीने ते काम बहुतेक वेळा नवोदितांकडे सोपवले जाते, आणि माझ्याकडेही ते तसेच आले. २०१९च्या नोव्हेंबरात ‘फ्रोझन २’ प्रदर्शित झाला, तेव्हा मी ठाण्यात राहून एका साप्ताहिक पुरवणीसाठी नाटकांवर लिहीत होते. संपादकांचा निरोप आला की सोमवारी रात्रीपर्यंत सातशे शब्द हवेत. त्या सातशे शब्दांत माझ्या हातून काय चुकले आणि ते दुरुस्त करताना काय उमगले, ते या कामाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी लिहीत आहे. चित्रपट आता जुना झाला आहे, त्यामुळे त्यातले प्रसंग उघड करण्यास हरकत नसावी.

चित्रपट शुक्रवारी, २२ नोव्हेंबरला लागला. रविवारी सकाळी मी ट्रान्स हार्बरच्या लोकलने नेरुळला बहिणीकडे गेले आणि तिची दोन मुले, सात वर्षांचा भाचा व साडेचार वर्षांची भाची, यांना घेऊन सीवूड्स स्थानकाला लागून असलेल्या मॉलमधल्या हिंदी खेळाला बसले. समीक्षकांसाठी होणाऱ्या खास खेळांना प्रेक्षागृहात मोठी माणसेच असतात. अशा चित्रपटाचे निम्मे वर्तमान मात्र मागच्या रांगेतून ऐकू येते. कोणत्या विनोदाला मुले हसली आणि कोणत्या विनोदाला त्यांचे वडीलच हसले, कुठे खुर्च्या करकरू लागल्या, कुठे एकाएकी सगळे गप्प झाले, हे तिकीट काढून रविवारच्या सकाळी बसल्याखेरीज कळत नाही. टिपणासाठी मी छोटी वही आणि पेन्सिल वापरते. फोनच्या उजेडाचा शेजाऱ्याला त्रास होतो. अंधारात अक्षर एकमेकांवर चढते, म्हणून प्रत्येक प्रसंगाला एकच शब्द आणि घड्याळातले मिनिट, एवढेच लिहावे. घरी आल्यावर तेवढ्यावरून सगळे आठवते.

माझ्या पहिल्या मसुद्याचा मोठा भाग तुलनेत गेला होता. २०१३च्या पहिल्या भागातले ‘लेट इट गो’ घराघरांत पोहोचले होते आणि २०१४मध्ये त्याला ऑस्कर मिळाले होते. दुसऱ्या भागात त्या तोडीचे गाणे नाही, असे मी तीन निरनिराळ्या वाक्यांत लिहिले होते. संपादकांनी फोन केला. ते म्हणाले, “अहो, नाटकाच्या परीक्षणात तुम्ही पद कोणत्या प्रसंगी आलं आणि त्यानं काय साधलं ते लिहिता. इथं नुसती चाल आवडली की नाही तेवढंच का लिहिलंय?”

या प्रश्नाने मला माझ्याच घरी आणून सोडले. मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनात आजोबांचे बोट धरून मी संगीत नाटके पाहिली होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट सांगावी लागत नाही, ती म्हणजे गद्य जिथे अपुरे पडते तिथे पद सुरू होते. उत्तम गायकाने रंगवलेले पद वन्समोअर घेते खरे, पण तेवढा वेळ कथा थांबते. चित्रपटाला ती सवलत नाही. प्रत्येक गाणे संपताना पात्र जिथे होते तिथून हललेले असावे लागते. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे मी आता दोन नोंदी करते: गाण्याआधी पात्राला काय माहीत नव्हते आणि गाण्यानंतर त्याने काय ठरवले. दुसरी नोंद रिकामी राहिली तर चाल कितीही गोड असली तरी ते गाणे सजावटीचे आहे, असे मी लिहिते.

सोमवारी सकाळी मी एकटीने इंग्रजी खेळ पाहिला आणि या दोन नोंदींनी सगळी गाणी पुन्हा तपासली. रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या दांपत्याचीच गाणी दोन्ही भागांत आहेत. पहिल्या भागाच्या वेळी बर्फ निर्माण करण्याची शक्ती असलेली राणी एल्सा मुळात खलनायिका म्हणून कल्पिली होती आणि ‘लेट इट गो’ तयार झाल्यावर ते पात्र आणि पाठोपाठ कथाच बदलली, ही हकिगत चित्रपटाच्या कर्त्यांनीच सांगितलेली आहे. ज्यांच्या हाताखाली गाणे कथेला वळण देते, त्यांच्याकडून नुसत्या लोकप्रिय चालीची अपेक्षा करणे हा माझाच उथळपणा होता.

दुसऱ्या भागाच्या आरंभी आई दोन मुलींना निजवताना एक अंगाई गाते. आठवणी साठवून ठेवणाऱ्या नदीचे ते गाणे आहे. रविवारी आमच्या पुढच्या रांगेतले एक कुटुंब पॉपकॉर्नच्या रांगेमुळे उशिरा आले आणि त्यांची ही अंगाई हुकली. पुढे एल्सा त्या नदीच्या उगमापाशी पोहोचते, तेव्हा ‘शो युअरसेल्फ’ या गाण्याच्या पोटातून तीच अंगाई आईच्या आवाजात वर येते, आणि चित्रपटभर एल्साला दुरून ऐकू येणारी हाक कोणाची होती ते एकही संवाद न बोलता कळते. ज्यांनी सुरुवात पाहिली नाही, त्यांच्यासाठी ते एक भव्य दृश्य होते. ज्यांनी पाहिली होती, त्यांच्यासाठी ती आईची भेट होती. या गाण्यासाठी कर्त्यांनी किती झगडा केला, ते चित्रपटाच्या निर्मितीवर २०२०मध्ये आलेल्या सहा भागांच्या माहितीपटात दिसते. परीक्षण लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण चांगले गाणेही किती वेळा मोडून पुन्हा बांधावे लागते हे पाहिल्यावर आपण “गाणी ठीक आहेत” असे वाक्य लिहायला धजत नाही.

एल्साची धाकटी बहीण ॲना, तिचा प्रियकर क्रिस्टॉफ याचे ‘लॉस्ट इन द वूड्स’ १९८०च्या दशकातल्या रॉक गाण्यांच्या चित्रफितींसारखे सजवलेले आहे. आमच्या रांगेतले वडील मनापासून हसत होते आणि नेमक्या त्याच वेळी मुलांची पाण्याची बाटली, शू आणि “किती राहिलंय?” सुरू झाले. हे दोन्ही परीक्षणात यायला हवे. मोठ्यांसाठी ठेवलेला तो एक घास होता, आणि तो मुलांच्या ताटातून काढलेला होता, असे मी तेव्हा लिहिले आणि आजही माझे मत तेच आहे.

उत्तरभागाची खरी अडचण गाण्यांहून वेगळी असते. पहिल्या भागाच्या शेवटी बहिणींचा दुरावा मिटलेला असतो, म्हणजे नवी कथा सुरू करायला जखमच उरलेली नसते. ‘फ्रोझन २’ ती जखम मागच्या पिढीत शोधतो: या बहिणींच्या आजोबांनी शेजारच्या वनवासी जमातीला भेट म्हणून धरण बांधून दिले, ते त्यांना दुर्बळ करण्यासाठी होते, आणि ते फोडल्याशिवाय अरण्यावरचे धुके हटणार नाही. लहानांच्या चित्रपटात एवढा जड विषय आणण्याचे धैर्य मला आवडले. पण मध्यंतरानंतर तो इतक्या घाईने उलगडतो की सात वर्षांच्या मुलाच्या हाती अर्धेच सूत्र लागते. नवी मुंबईला पाणी मोरबे धरणातून येते, हे भाच्याला शाळेत शिकवलेले होते. बाहेर पडताना सरकत्या जिन्यावर त्याने माझी ओढणी ओढून विचारले, “मावशी, मग आपलं मोरबे पण फोडायचं का?” मी त्याला समजावले की धरण वाईट नव्हते, ते बांधण्यामागचे कपट वाईट होते. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “पण हे त्यांनी सांगितलंच नाही.” चित्रपटात ते सांगितलेले आहे, पण एका ओळीत, आणि त्या वेळी पडद्यावर इतके काही चाललेले असते की ती ओळ मुलांच्या कानांवरून जाते. माझ्या परीक्षणातले सर्वांत उपयोगी वाक्य या प्रश्नातून निघाले. दुसऱ्या भागाला पहिल्याच्या तराजूत तोलण्यापेक्षा त्याने स्वतः उभा केलेला प्रश्न मुलांपर्यंत पोहोचवला की नाही, हे पाहणे अधिक न्यायाचे आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

पहिला भाग न पाहिलेल्या मुलाला दुसरा कळेल का, हे मात्र अवश्य लिहावे, कारण दोन भागांत सहा वर्षांचे अंतर असते तेव्हा नवीनच मुले प्रेक्षागृहात आलेली असतात. येथे ओलाफ हा हिममानव पहिल्या भागाची सगळी कथा एकट्याने, धापा टाकत करून दाखवतो. आमच्या खेळात सर्वांत मोठा हशा त्यालाच पडला, आणि त्याच हशात भाचीची उजळणीही झाली.

आता माझी दुसरी चूक, आणि ही अधिक गंभीर आहे. उत्तरार्धात ॲनाच्या मिठीत ओलाफ हळूहळू विरून जातो. भाचीने माझ्या मांडीत तोंड खुपसले आणि विचारले, “तो परत येईल का?” मी “येईल” म्हटले, पण मध्ये ॲनाचे एक संपूर्ण गाणे आहे. गुहेत एकटी राहिलेली ॲना तुटक, जवळजवळ बोलल्यासारख्या स्वरांत एकेक पाऊल उचलण्याविषयी गाते. शोकाचे इतके खरे गाणे मी मुलांच्या चित्रपटात क्वचितच ऐकले आहे. पण साडेचार वर्षांच्या मुलीसाठी तेवढा वेळ फार मोठा होता. मी हा प्रसंग परीक्षणातून गाळला, कारण रहस्य फोडू नये असे मला वाटले. पुरवणी निघाल्यावर कळव्याच्या एका आईचे पत्र आले. माझे परीक्षण वाचून तिने चार वर्षांच्या मुलीला नेले होते आणि मुलगी घरी येईपर्यंत रडत होती. “एक ओळ लिहिली असतीत तर मी तिला आधी सांगून ठेवलं असतं,” एवढेच तिने लिहिले होते. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

रहस्य न फोडताही ती ओळ लिहिता येते. आज मी असे लिहीन: ‘शेवटच्या भागात एका लाडक्या पात्राच्या बाबतीत लहान मुलांना रडू येईल असा प्रसंग आहे. पुढे तो सावरला जातो, पण पाच वर्षांखालील मुलांना तोवर जवळ घेऊन बसावे लागेल.’ भीतीच्या जागा नेमक्या सांगाव्यात: रात्रीचा खवळलेला समुद्र, पेटलेले अरण्य, दगडी राक्षस. ‘काही दृश्ये लहानांना भीतिदायक वाटू शकतात’ असे मोघम लिहिल्याने कोणत्याही पालकाला काही ठरवता येत नाही. २०२३मध्ये चित्रपट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आहेत आणि पालकांना त्याची मदतही होते, पण आपले मूल काळोखाला घाबरते की ताटातुटीला, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

भाषेविषयी थोडे लिहायला हवे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतली पुष्कळ मुले हिंदी खेळालाच जातात. ॲनिमेशनपटात गाण्याचे ध्वनिमुद्रण आधी होते आणि त्या आवाजाच्या श्वासावर पात्राचा चेहरा हलवला जातो. हिंदी गीतकाराला तो चेहरा तयार मिळतो. ओठ मिटतात तिथे प, ब किंवा म आला तर बरे, आणि जिथे तोंड उघडे ठेवून स्वर लांबवला आहे तिथे आकार किंवा ओकार हवा. या बंधनात लिहिलेली ओळ ओढूनताणून आणलेली वाटली तर तसे सांगावे, पण बंधन ध्यानात घेऊन सांगावे. हिंदीत एल्सा आणि ॲनाचे संवाद प्रियांका आणि परिणीती चोप्रा या चुलत बहिणींनी म्हटले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यातली जवळीक मला मूळ खेळाइतकीच भावली. भाच्याला इंग्रजी येते, तरी हिंदीत तो अधिक मोकळेपणाने हसला, हेही मी नोंदवले.

मध्यंतराचा उल्लेख परीक्षणात सहसा कोणी करत नाही. हा १०३ मिनिटांचा चित्रपट मध्यंतर न धरता बांधलेला आहे आणि आपल्याकडे तो मध्येच थांबवला जातो. लहान मुलांच्या दृष्टीने ती सोयच असते, पण रंगत आलेला प्रसंग तुटतो, त्यामुळे उत्तरार्ध संथ वाटला तर दोष दिग्दर्शकांचा की त्या विरामाचा, हे ठरवण्यासाठी मला सोमवारचा दुसरा खेळ उपयोगी पडला.

सातशे शब्दांत हे सगळे मावत नाही. कथासार चार वाक्यांत आटोपते, गाण्यांना निम्मी जागा देते, आणि तुलना फारच आवश्यक असेल तर एका वाक्यात करते. वय आणि भीतीविषयीच्या ओळी पूर्वी मी शेवटी लिहीत असे. आता त्या दुसऱ्या परिच्छेदात येतात, कारण रविवारी सकाळी गॅसवर चहा ठेवून पुरवणी उघडणारी आई तेवढेच वाचते आणि चहा उकळण्याच्या आत तिकिटे काढते.