सामूहिक शेतवस्ती उभारताय? या चुका टाळा

कोविडनंतर इंदुरात आमच्या भिशीत एकच विषय चघळला जायचा. चार घरांनी मिळून जमीन घ्यायची, गहू-भाजी-दूध घरचं पिकवायचं, उद्या शहर बंद पडलं तरी आपली चूल पेटती राहिली पाहिजे. शेवटी आम्ही सहा घरांनी इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला हे करून पाहिलं. आज तिथे तीन घरं आहेत. अशी वस्ती चालू शकते, असं मी अनुभवाने सांगते. पण ती शेतीपेक्षा इतर गोष्टींवरच जास्त अडते.

गव्हाच्या हिशेबावर विसंबू नका

माळव्यात गहू सोपा आहे. माणशी वर्षाला दीडशे किलो धरला तर वीस माणसांना तीस क्विंटल लागतो. पाणी असेल तर दोन एकरांत तो निघतो, आणि तिथेच सगळ्यांना वाटतं की जिंकलो. मग तेलाची पाळी येते. आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन. पण त्यात तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, आणि गावच्या घाण्यावर ते नीट निघत नाही, कारखानाच लागतो. घरचं तेल हवं तर भुईमूग किंवा तीळ पेरा. वीस माणसांसाठी भुईमुगाचा एक एकर वेगळा ठेवा. मीठ, औषधं, चष्मे, लोखंड बाहेरूनच येणार. त्यासाठी रोख पैसा देणारं एक काम पहिल्या दिवसापासून हवं. अमेरिकेतली ट्विन ओक्स ही अशीच सामूहिक वस्ती १९६७ पासून टिकून आहे, त्यात टांगून झोपायच्या झोळ्या (हॅमॉक) आणि टोफू (सोयाबीनचं पनीर) विकून आलेल्या पैशाचा मोठा वाटा आहे.

पाणी मे महिन्यात मोजा

'पग-पग रोटी, डग-डग नीर' ही म्हण ऐकत आपण वाढलो, पण आज इंदूर स्वतः सुमारे सत्तर किलोमीटरवरून आणलेलं नर्मदेचं पाणी पितं. आपल्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. त्यात भेग लागली तर बोअर चालते, नाहीतर कोरडीच. जमीन पावसाळ्यात पाहून घेऊ नका. माणशी रोज ५५ लिटर धरलं तरी वीस जणांना चार महिन्यांच्या उन्हाळ्यासाठी १,३२,००० लिटर लागतात. हजार चौरस फुटांच्या छपरावरून चांगल्या पावसाळ्यात साठ-पासष्ट हजार लिटर मिळतात. म्हणजे अशी दोन छपरं आणि तेवढी टाकी हवी. शेताचं आणि गुरांचं पाणी वेगळं.

कामाची वही नसेल तर वस्ती मोडते

आमचं घोडं इथेच अडलं. आमच्याकडे दोन गाई होत्या. गणपतीच्या दहा दिवसांत प्रत्येकाला इंदुरात आपल्या घरी जायचं होतं. गाईला मात्र सुट्टी नव्हती. दहाही दिवस दोन्ही वेळची धार एकाच वहिनींनी काढली. कोणी मुद्दाम असं केलं नव्हतं, पण परत आल्यावर 'दमलात का?' असंही कोणी विचारलं नाही. दिवाळीपर्यंत त्या वहिनी आणि त्यांच्या यजमानांनी सामान हलवलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा तास लिहा. स्वयंपाक, धार, शेण, हिशेब, आजारी माणसाची सेवा, सगळ्याचा तास सारखाच धरा. चिडचिड सुरू झाली की आधी वही उघडा. बहुतेक वेळा भांडण स्वभावाचं नसतं, तासांचं असतं. समाजसुधारक रॉबर्ट ओवेनने अमेरिकेत उभारलेल्या न्यू हार्मनी या सामूहिक वस्तीत १८२५ साली शेकडो माणसं जमली, पण हाताला कसब असलेले कमी पडले. १८२७ पर्यंत तो प्रयोग संपला होता.

बाहेर पडण्याचा कागद आत येण्याआधी करा

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मध्य प्रदेशात ती अट नाही. म्हणून लोक घाई करतात आणि सोयीसाठी सगळी जमीन एकाच्या नावावर घेतात. असं करू नका. सोडून जाणाऱ्याला किती रक्कम, किती हप्त्यांत आणि कोणत्या भावाने द्यायची, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर भू-राजस्व संहितेचं कलम १६५ वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कुंपण घालून गावाकडे पाठ फिरवू नका

संकटाच्या रात्री गाय अडली की शेजारचे काकाच धावून येतात. गावातल्या लग्नाला जा, बियाणं त्यांना विचारून घ्या, मजुरी वेळेवर द्या.

एवढं वाचूनही मन ओढ घेत असेल तर जमीन विकत घेऊ नका. एका अखातीजेपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढच्या अखातीजेपर्यंत दोन एकर भाड्याने घ्या, एक गाय ठेवा, वही सुरू करा. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी जेवढी घरं तिथे असतील, तेवढ्यांचीच मोजदाद करून जमीन बघायला निघा.