पंढरपूर: पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा जात असाल तर आषाढी-कार्तिकी टाळा. तेव्हा पदस्पर्शाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. एरवीही एकादशी, शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा. रेल्वेने येणाऱ्यांनी कुर्डुवाडीला उतरावं; पुढे सुमारे 50 किलोमीटर एसटी किंवा मिरजेकडची गाडी.

आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग विठोबा हा क्रम मोडू नका. पुंडलिकाचं देऊळ नदीच्या वाळवंटातच आहे. पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडलं की तेही बुडतं, म्हणून घाटावर चौकशी केल्याशिवाय पात्रात उतरू नका.

महाद्वाराशी नामदेव पायरी आहे. तिच्यावर पाय पडू देऊ नका, हात लावून कपाळाला लावा. समोरच चोखोबांची समाधी. घाईत बहुतेकांची ती चुकते, फार वाईट वाटतं.

रांगा दोन: मुखदर्शन लांबून पण लवकर, पदस्पर्श तासन्‌तास. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर मुखदर्शन पुरे. पदस्पर्शाला पायांवर डोकं टेकायला क्षणभरच मिळतो, तेव्हा तुळशीची माळ आधीच हातात मोकळी धरा. पिशवीतून काढेपर्यंत पुढे ढकललं जातं. रुक्मिणीमातेचं देऊळ मागे, वेगळं आहे. तिथं गेल्याशिवाय परतू नका.