तालांव थकला, कोर्टाची तारीख चुकली, वॉरंट निघालं: आता काय करावं?

वाहतूक पोलिसाने फाडलेल्या दंडाच्या पावतीला गोव्यात आजही तालांवच म्हणतात. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. तो तालांव स्कूटरच्या डिकीत पेट्रोलच्या पावत्यांबरोबर कोंबायची सवयही तेवढीच मुरलेली. हेल्मेटच्या हजार रुपयांसाठी पोलीस काय दारात येणार, असं आपण म्हणतो. ते हेल्मेटसाठी येतच नाहीत. कोर्टाने बोलावलं आणि आपण गेलो नाही, म्हणून येतात. दंड थकणं आणि तारीख चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महागात पडते ती दुसरी.

पहिलं काम: तालांव नीट वाचा

कलम कोणतं लावलंय ते बघा. हेल्मेट, सीटबेल्ट, तिघांनी बसणं अशा गुन्ह्यांचा दंड भरला की प्रकरण कोर्टात न जाता मिटू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये तशी तडजोडीची सोय आहे. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड, शिवाय ३ महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, हे बरेचजण विसरतात.

दारू पिऊन गाडी चालवली असेल (कलम १८५) तर पोलिसाशी किंवा पोर्टलवर काही मिटत नाही. कोर्टातच जावं लागतं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. या गुन्ह्यात आणि धोकादायक ड्रायव्हिंगच्या गुन्ह्यात गणवेशातला पोलीस वॉरंटशिवायही जागेवर अटक करू शकतो.

दुसरं: न दिसलेले तालांव शोधा

हातात मिळालेला तालांव निदान आठवतो. मेरशीच्या सिग्नलवरचा कॅमेरा हाक मारत नाही, की मागून फोटो काढणारा नागरिकही सांगायला येत नाही. नोटीस जाते ती आरसी बुकावरच्या मालकाच्या नावाने, तिथल्या पत्त्यावर किंवा तिथे नोंदलेल्या मोबाईलवर. पत्ता काणकोणच्या जुन्या घराचा आणि तुम्ही राहता पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, तर ती तुम्हाला मिळणार कशी? पत्ता बदलला की ३० दिवसांत आरटीओला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

गाडी विकली असेल तर आणखी सावध. राज्यातल्याच माणसाला विकली तर १४ दिवसांत कळवायचं असतं. तोंडी व्यवहारात दिलेल्या स्कूटरवर वाळपईतला कुणी पोरगा सिग्नल तोडतो आणि कागद तुमच्या नावाने निघतो. भाड्याच्या बाईकचंही तसंच: नोटीस मालकाला, आणि मालक चालवणाऱ्याचं नाव कळवून मोकळा होतो. सावंतवाडी-कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. पोर्टल स्वतः उघडा. व्हॉट्सअॅपवर ‘तुमचं चलान थकलंय, हे अॅप घ्या’ म्हणून आलेली फाईल उघडाल तर हजाराचा दंड राहील बाजूला आणि बँकेतले पैसे जातील.

तिसरं: भरा किंवा भांडा, पण गप्प बसू नका

चूक आपली असेल तर भरा आणि पावती जपा. फोटोतली गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला गेला असेल तर पोर्टलवर तक्रार नोंदवा, वाहतूक पोलिसांना लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

‘सहा महिने काढले की आपोआप सुटतो’ हा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ६ महिन्यांची कालमर्यादा आहे, हे खरं. पण पोलिसांनी खटला त्या मुदतीत दाखल केलाय की नाही, हे तुम्हाला घरी बसून कसं कळणार? शिवाय उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला असतोच.

चौथं: समन्स आलं तर

इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. मुलगा तारवटी, सहा-आठ महिने बोटीवर. शिपाई कागद घेऊन येतो, आई सही करून घेते आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत समन्स घरातल्या प्रौढ ‘पुरुषा’कडे द्यावं असं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गेला. आता माणूस सापडला नाही तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या कुणाही प्रौढाकडे, म्हणजे आईकडेही, समन्स देता येतं. ‘मला मिळालंच नाही’ हे म्हणणं मग टिकवणं कठीण जातं.

समन्सवर तीन गोष्टी बघा: कोर्ट कोणतं, खटल्याचा नंबर, तारीख आणि वेळ. कळंगुटला पकडलं असेल तर कोर्ट म्हापशाचं असू शकतं, तुम्ही राहता फोंड्याला म्हणून फोंड्यात जाऊन चालत नाही. किरकोळ गुन्ह्याच्या समन्समध्ये कधी कधी गुन्हा कबूल असल्याचं पत्राने कळवून दंड पाठवायची मुभा दिलेली असते. ती ओळ शोधा, एक फेरी वाचेल. जाणं शक्यच नसेल तर वकिलामार्फत त्या तारखेच्या आधी किंवा त्याच दिवशी गैरहजेरीच्या माफीचा अर्ज द्या.

पाचवं: वॉरंट निघालंच असेल तर

आधी ते कसलं आहे ते कळू दे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात क्रम सांगितलाय: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि तरीही माणूस टाळतोय असं दिसलं तरच अजामीनपात्र. जामीनपात्र वॉरंटावर रक्कम आणि किती जामीनदार हवेत ते लिहिलेलं असतं. तेवढ्या रकमेचा जातमुचलका (हजर राहीन असं स्वतःचं लेखी वचन) आणि जामीनदार दिले की पोलिसांनी सोडायचं असतं, पुढच्या तारखेला मात्र हजर राहायचं. अजामीनपात्र असेल तर अटक करून, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांत कोर्टापुढे उभं करतात. वॉरंट शिळं होत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत असतं.

म्हणून पोलिसांची वाट न बघता स्वतः त्या कोर्टात जा. खटल्याचा नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधा, नाहीतर कोर्टाच्या कार्यालयात विचारा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि कारण पुराव्यासकट मांडा: बोटीवरच्या नोकरीचे कागद, हॉस्पिटलची कागदपत्रं, पत्ता बदलल्याचा दाखला. सकाळी पुकाऱ्याच्या वेळी हजर राहा, ओळखपत्र आणि थोडे पैसे जवळ ठेवा, कारण कोर्ट खर्च भरायला किंवा बंधपत्र द्यायला सांगू शकतं. आपणहून आलेल्या माणसाचं कारण ऐकलं जाण्याची शक्यता पकडून आणलेल्यापेक्षा अर्थातच जास्त. कोर्टाबाहेर ‘आत माझी ओळख आहे’ म्हणणारा भेटला तर सरळ पुढे चला. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरवर विचारा. महिलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

वॉरंट रद्द झालं की आदेशाची प्रमाणित प्रत मागा आणि तिची झेरॉक्स त्याच दिवशी आपल्या पोलीस स्टेशनवर नेऊन द्या. कोर्टाचा कागद तिथे पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर हवालदाराच्या यादीत तुमचं नाव तसंच असतं.